तुझा चेहरा मला ओळखता आला नाही

तुझं उत्तरकार्य परवा झालं. मांडव उतरला, भाड्याच्या खुर्च्या परत गेल्या, प्रकाश आज सकाळी वरणगावला फॅक्टरीत पुन्हा कामावर रुजू झाला. घरात आता करण्यासारखं काही उरलं नाही म्हणून मी बसलो आहे आणि तुला लिहितो आहे. मध्ये कोणालाही न ठेवता तुझ्याशी बोलण्याची ही पहिलीच वेळ. प्रकाशशी लग्न होऊन तू आमच्या घरात आलीस त्याला सव्वीस वर्षं झाली. एवढ्या काळात तुला उद्देशून मी एक वाक्य बोललो नाही, आणि तू मला.

आपल्या समाजाबाहेरच्या कोणाला वाटेल, दोघांचं वाकडं असणार. वाकडं काही नव्हतं. मी जेठ, तू धाकट्या भावाची बायको. जेठासमोर भावजयीने पदर पुढे ओढायचा, त्याच्याशी बोलायचं नाही, बोलावंच लागलं तर तिसऱ्याला सांगायचं. जेठाने काय करायचं, तर घरात शिरताना उंबऱ्यापाशी खाकरायचं, म्हणजे तिला पदर सावरायला वेळ मिळतो. बहुतेक घरांतून हे आता गेलं आहे. आपल्याकडे आई होती तोवर आईसाठी राहिलं, आई गेल्यावर सवयीने राहिलं. मी रोज खाकरत होतो आणि ही माझी सभ्यता आहे असं समजत होतो.

आपल्यातला तिसरा माणूस म्हणजे माझी बायको सुमन. तू तिला अक्का म्हणायचीस. अक्का घरात नसली की तू फ्रिजला सांगायचीस. "फ्रिजदादा, कोणाला तरी सांगा, कळण्याची भाकरी टोपल्यात आहे, ठेचा खाली आहे, आणि ब्लडप्रेशरची गोळी जेवणाआधी आहे." मी निमूट गोळी घ्यायचो. फ्रिजने तुझं ऐकलं नाही असं कधी झालं नाही.

माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा पट्टी निघेपर्यंत तू स्वयंपाकघरातून पेपर मोठ्याने वाचायचीस. अक्काला वाचून दाखवते म्हणून. अक्काने जन्मात पेपर वाचला नाही. तू पहिल्या पानापासून सुरुवात करायचीस ते सावद्याच्या केळीच्या भावापर्यंत जायचीस, आपली केळीची एक बाग नसताना, कारण मला आकडे ऐकायला आवडतात हे तुला माहीत होतं. मी पलीकडच्या खोलीत पडून ऐकायचो. त्याबद्दल मी तुझे आभार मानले नाहीत. मानायचे कसे, हा प्रश्नच होता. अक्काकडून निरोप पाठवला असता तर तू म्हणाली असतीस, कोणाला वाचून दाखवलं, मी तर अक्कासाठी वाचत होते.

आणि तू काही घरात कोंडलेली बाई नव्हतीस. बालवाडीत शिकवायचीस. स्कूटीवर जायचीस, उन्हाचा स्कार्फ बांधून, जळगावातली प्रत्येक बाई बांधते तसा. बालवाडीत पोहोचल्यावर स्कार्फ काढून मुलांसमोर उभी राहायचीस. पन्नास मुलांचे बाप मुलं सोडायला येताना तुझा चेहरा रोज बघत होते. एका घरात, एका छपराखाली राहणाऱ्या मी एकट्यानेच तो बघायचा नव्हता. हा हिशोब मी आयुष्यात कधी मांडला नाही. तू गेल्यावर मांडला.

आता अभ्यासिकेचं.

कॉलनीच्या सभागृहावर आपण स्पर्धा परीक्षेच्या मुलांसाठी अभ्यासिका काढली, तिचा मी सेक्रेटरी. चाळीस टेबलं, दोन कूलर, शांतता. बांधकाम खात्यात माझं कामच अंदाजपत्रकं करण्याचं, त्यामुळे अभ्यासिकाही मी अंदाजपत्रकासारखी चालवतो. मार्चमध्ये तिथून दोन मोबाइल गेले. आम्ही कॅमेरा बसवला. कॅमेऱ्यात काय दिसतं ते तपासायला कमिटी बसली, तेव्हा अध्यक्ष नाना म्हणाले, "या एकीचा चेहराच दिसत नाही."

ती एक म्हणजे अफरीन. कूलर दुरुस्त करणाऱ्या सलीमभाईंची मुलगी. आपले दोन्ही कूलर तेच बघतात. ती नकाब लावून मागच्या रांगेत बसायची, सकाळी सातला यायची आणि दुपारी जायची. मोबाइल तिने घेतले असं कोणीही म्हणालं नाही. मी तर नाहीच. मी फक्त म्हणालो, नियम सगळ्यांना सारखा हवा. आणि नियमाचं वाक्य मीच तयार केलं: अभ्यासिकेत चेहरा झाकून बसता येणार नाही. कोणाचा धर्म नाही, कोणाचं नाव नाही. वाक्य मला फार पसंत पडलं होतं. दुसऱ्या दिवसापासून अफरीन आली नाही.

त्या रविवारी दुपारी जेवताना मी हे प्रकाशला सांगत होतो. तू आतून शेवभाजी वाढायला आलीस, पदर नाकापर्यंत.

"अक्का," तू म्हणालीस, "विचारा बरं, मी पण तिथे बसू शकणार नाही का?"

सुमन माझ्याकडे बघून म्हणाली, "विचारते आहे ती."

"ऐकलं मी," मी म्हणालो. "हिच्या पदराचा काय संबंध? तो घरचा विषय आहे."

"सांगा अक्का, तिचा पण घरचाच विषय असेल."

प्रकाश हसला. मी नाही. मी म्हणालो, "त्या पोरीवर सक्ती असते. घरचे, मोहल्ल्यातले. आपण नियम केला तर तिला निमित्त मिळेल नकाब सोडायला. आपण एक प्रकारे तिला मदतच करतो आहोत."

"मदत केली म्हणून घरी बसली का ती?"

"बसली तर तिच्या बापाने बसवली."

तू भाजीचं पातेलं खाली जरा जोरात ठेवलंस. चिडलीस की तू तुझ्या शिंदखेड्याकडच्या अहिराणीत जायचीस. "तिले कोनी इचारं का?" तू म्हणालीस. तिला कोणी विचारलं का. आणि मग, थोडं थांबून, "माले तरी कोनी इचारं व्हतं?"

मला कोणी विचारलं होतं का. मी सुमनकडे बघितलं, कारण तुझ्याकडे बघता येत नव्हतं. सुमन भाकरी मोडत होती.

तरीही मी माझा मुद्दा सोडला नाही, आणि तू तुझा. पुढचे कितीतरी दिवस हा वाद फ्रिजमार्फत चालला. तू म्हणालीस, "आकडे मोजायचा शौक आहे ना, तर एकदा गेटवर उभं राहून मोजा म्हणावं, किती बायका तोंड झाकून जातात." मी खरंच मोजलं. एप्रिलची दुपार होती. अभ्यासिकेसमोरच्या रस्त्याने माझ्या देखत अकरा बायका-मुली गाड्यांवरून गेल्या. दहांचे चेहरे झाकलेले होते. नऊ स्कार्फ, एक नकाब. त्याआधी मला फक्त नकाब दिसायचा.

पण मी हरलो नाही. घरी येऊन म्हणालो, "स्कार्फ आत आल्यावर सुटतो. नकाब सुटत नाही. तो उन्हासाठी आहे, हा धर्मासाठी. मोजून काही सिद्ध होत नाही." आजही मला वाटतं, हा मुद्दा खोटा नव्हता. बँकेत, परीक्षेच्या केंद्रावर, जिथे माणूस तोच आहे का हे बघायचं असतं, तिथे चेहरा दाखवावाच लागेल. एवढं तर तूही मानत होतीस. पण तेव्हा तू फ्रिजला विचारलंस, "ते ऊन शे, हाई धरम शे. मंग मना पदर काय शे?"

मग माझा पदर काय आहे. तुझा पदर ऊन नव्हता आणि धर्मही नव्हता. तो मी होतो.

त्या सुमारास एकदा सुमन मला म्हणाली, "तुम्ही एकदा सांगून टाका ना, माझ्यासमोर पदर नको म्हणून. आई गेल्या, आता कोणासाठी?" मी फार उदारपणे म्हणालो, "मी कुठे धरून ठेवलं आहे? तिने ठरवावं. तिची मर्जी." हे मला पटलेलंच होतं. दुसऱ्याच्या घरातल्या बाईवर सक्ती असते आणि आपल्या घरातली बाई मर्जीने करते, यात मला कधी विसंगती दिसली नाही. सुमनने हे तुला जसंच्या तसं सांगितलं. तुझं उत्तर मी जिन्यातून ऐकलं.

"मर्जी? ते रोज खाकरतात, म्हणून मी पदर घेते. त्यांना म्हणा, खाकरनं बंद करा. मंग मी ठरावसू."

मग मी ठरवीन. एवढी साधी गोष्ट होती. एका माणसाने उंबऱ्यापाशी खाकरायचं नाही, बाकी तू बघून घेणार होतीस. कदाचित पदर ठेवलाही असतास. तू तर मागे एकदा म्हणाली होतीस की पदराआडून या माणसाला काहीही बोलता येतं, तोंडावर बोलायची वेळ आली तर मी गप्प बसेन. ते थट्टेत होतं की खरं, ते मला कळायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी ऑफिसातून आलो. चपला काढल्या. ठरवून आलो होतो. उंबऱ्यापाशी पोहोचलो, आतून तुझ्या बांगड्या वाजल्या, आणि मी खाकरलो.

वाद तिथेच संपला असता तरी चाललं असतं. पण तू तोडगा काढलास. मे महिन्यात तू सुमनकरवी मला सांगितलंस, "मतदानाला बाई अधिकारी असते. बुरखेवाली बाई आली की ती बाजूला नेऊन चेहरा बघते, कार्ड बघते, झालं. इथे पण तसं करा. आल्यावर एकदा चेहरा बघायचा, मग ती आणि तिचं पुस्तक."

"बघणार कोण?" मी विचारलं. "आपल्याकडे बाई कर्मचारी नाही. पगार कोण देणार?"

"मी बससू गेटवर," तू म्हणालीस. "सकाळी सात ते आठ. बालवाडी नऊला असते. पगार नको."

सुमन म्हणाली, "बसेल हो ती. मीही जाईन कधी."

मी म्हणालो, कमिटीपुढे ठेवतो.

आता मला जे लिहायचं आहे ते लिहिण्यासाठीच मी बसलो आहे. मी कमिटीपुढे ते ठेवलं नाही. सभा संपली होती, चहा आला होता, आणि मी नानांना म्हणालो, "आमच्या घरून एक सूचना आहे. नकाबवालीचा चेहरा कोण तपासणार, तर आमची भावजय. आणि ती स्वतः माझ्यासमोर नाकापर्यंत पदर घेऊन असते. म्हणजे झाकलेली झाकलेलीला तपासणार." सगळे हसले. नाना इतके हसले की त्यांच्या बशीतला चहा सांडला. मीही हसलो. माझ्या विनोदाला लोक हसतात असं फार होत नाही, त्यामुळे मला ते बरं वाटलं हेही लिहायला हवं.

तुझी सूचना कोणी नाकारली नाही. ती नाकारण्याइतकीही मी मांडली नाही.

नानांच्या सूनबाई तुझ्या बालवाडीत मुलाला सोडायच्या. चार दिवसांत ते तुझ्यापर्यंत आलं असणार. कारण त्यानंतर अभ्यासिकेचा विषय घरात बंद झाला. भाकरी टोपल्यात आहे, गोळी घ्या, एवढंच. मला वाटलं, तुला माझं पटलं.

जूनमध्ये तुला छातीत दुखायला लागलं. सुमन आणि शेजारच्या बाईंनी तुला रिक्षाने दवाखान्यात नेलं. प्रकाश ड्यूटीवर होता, मी ऑफिसातून आधी पोहोचलो. सुमन औषधं आणायला खाली मेडिकलमध्ये गेली होती. नर्स म्हणाली, "आत जा काका, महिला वॉर्ड, तुमच्या पेशंट शुद्धीवर आहेत."

आत चार खाटा होत्या. दोन रिकाम्या. दोन खाटांवर दोन बाया, दोघी साधारण पन्नाशीच्या आतल्या, दोघींना दवाखान्याचा तोच हिरवा झगा, नाकात नळी. डोक्यावर पदर नाही, तोंडावर काही नाही. दुपारचे लख्ख दिवे. मी दाराजवळच्या खाटेपाशी गेलो. त्या बाईने माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "घाबरू नको. प्रकाश निघाला आहे वरणगावहून. पोहोचतोच आहे."

तुला बोललेलं पहिलं थेट वाक्य. मी ते दुसऱ्याच बाईला बोललो.

ती बाई गोंधळून बघत राहिली. तेवढ्यात पलीकडच्या खाटेवर हालचाल झाली. सलाइन लावलेल्या हाताने कोणीतरी चादर धरून ती कपाळावरून खाली ओढायचा प्रयत्न करत होतं. तो हात वर जाणं, बोटांनी काठ धरणं, नाकापर्यंत आणणं. मी ते सव्वीस वर्षं बघत आलो होतो. तेव्हा मला कळलं की ती तू.

नर्स आली आणि चादर बाजूला करत म्हणाली, "काकू, तोंडावर घेऊ नका, नळी निघेल." तू पुन्हा ओढलीस. ती पुन्हा म्हणाली, "अहो, कोण आहे इथे एवढं?"

मी होतो. मी एवढंच म्हणायला हवं होतं की राहू दे. दोन शब्द. छातीत कळ येत असताना तू सलाइनच्या हाताने माझ्यासाठी चादर ओढत होतीस, आणि मला जे सुचलं ते हे की, मी इथे आहे म्हणून हिला त्रास होतो आहे, आपण बाहेर जावं. मी वळलो आणि बाहेर गेलो. तेही सभ्यपणा म्हणूनच.

थोड्या वेळाने नर्स बाहेर आली. तुझा तिसरा माणूस आता ती होती. जरा वैतागूनच म्हणाली, "त्या म्हणताहेत, त्यांना सांगा, शेजारच्या बाईला धीर दिला ते बरं केलं. तिचं सकाळपासून कोणी आलेलं नाही."

मी नर्ससमोर हसलो. तू मला टोमणा मारलास की माफ केलंस, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही. बहुतेक दोन्ही. तेवढ्या श्वासातही तू त्या बाईची काळजी केलीस आणि मला माझी जागा दाखवलीस. प्रकाश आला, सुमन आली, ती दोघं आत गेली. मी आत गेलो नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तुला दुसरा झटका आला.

नंतर तुला घरी आणलं, तेव्हा बायकांनी तुझा चेहरा उघडा ठेवला होता. सगळ्यांना दर्शन घेऊ द्यायचं म्हणून. सगळ्यांच्या मागून मीही पुढे झालो. तुझ्या उजव्या भुवईवर एक जुनी खूण आहे. ती कशाची ते मला माहीत नाही. प्रकाशला विचारायला जीभ उचलत नाही.

सुतकात बायका बसायला येत होत्या. एक दिवस दोन बुरखेवाल्या बायका आल्या, आत सुमनपाशी बसल्या, थोड्या वेळाने गेल्या. मी सुमनला विचारलं, कोण होत्या. ती म्हणाली, "अफरीन आणि तिची आई."

"त्या कशा काय?"

सुमनने माझ्याकडे बघितलं. तिने तुझ्याइतकं तिखट मला कधी काही म्हटलेलं नाही, तेव्हाही म्हटलं नाही. सरळ सांगितलं. "आपली लता गेली होती त्यांच्याकडे. मे महिन्यात, तुमची ती सभा झाल्यावर. मी सोबत होते. तिने त्या पोरीला विचारलं, तुला काय पाहिजे."

"मग?"

"ती म्हणाली, मला नियम नको, सूट नको. मागच्या कोपऱ्यातलं एक टेबल भिंतीकडे तोंड करून ठेवा. मी भिंतीकडे बसून नकाब वर करीन. मलाही गरम होतं, पाणीही प्यायचं असतं. आल्यावर कोणा बाईने चेहरा बघितला तरी चालेल. बस."

"हे तिने मला का सांगितलं नाही?"

"सांगणार होती. घरी येताना स्कूटीवर म्हणाली, आता नको अक्का. हसतील."

एक टेबल फिरवायचं होतं. चाळीसपैकी एक. मी कॅमेरा लावला, सभा घेतल्या, वाक्य घडवलं, सक्ती आणि मर्जी यावर प्रकाशला व्याख्यान दिलं, आणि त्या पोरीला काय हवं आहे हे तिला जाऊन विचारणारं कॉलनीत एकच माणूस निघालं. ते माणूस पदर घेत होतं म्हणून आम्ही त्याला हसलो होतो.

उत्तरकार्याच्या आधीच मी कमिटी बोलावली. टोपी घालून, केस उतरवलेल्या डोक्याने गेलो. म्हणालो, नियम मागे घ्या, कोपऱ्यातलं टेबल भिंतीकडे करा, सकाळी एक तास माझी बायको गेटवर बसेल. नाना म्हणाले, "सेक्रेटरी, तुमच्या घरात दुःख झालं आहे, आज तुमचा शब्द कोण मोडणार?" आणि हात वर झाले. सगळे. चर्चा झालीच नाही. मी म्हणालो, चर्चा करा, विरोधात बोलायचं असेल तर बोला. नाना म्हणाले, "अहो झालं ना मंजूर, आता काय पाहिजे?"

मला काय पाहिजे होतं ते मी त्यांना समजावू शकलो नाही. तू जिवंत असताना तुझ्या मुद्द्याला एक मत पडलं नाही. आता जी मतं पडली ती मुद्द्याला नाही, मरणाला पडली. ती मी घेतली. नाही तर काय करणार होतो? पण यात तू जिंकलीस असं कोणी म्हणालं तर मी ते मान्य करणार नाही.

काल सकाळी मी सलीमभाईंकडे गेलो. ते दारातच एक मोटर खोलून बसले होते. उठून हात पुसत म्हणाले, "या भाऊ. वहिनींचं फार वाईट झालं." आणि आत आवाज दिला. अफरीन ओढणीने चेहरा लपेटून आली, आतल्या दाराच्या चौकटीत उभी राहिली. मी सगळं सांगितलं. नियम काढला, टेबल फिरवलं, गेटवर आमच्या घरातलं माणूस असेल. मी हे सगळं फरशीकडे बघत सांगत होतो, ती सवय. झाल्यावर वर बघितलं. ती माझ्याकडे सरळ बघत होती.

"काका, माझा पेपर मागच्या रविवारी झाला," ती म्हणाली.

"कसा गेला?"

"इथे सात जण आहोत. घरात अभ्यास होतो तसा झाला." आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. "गणितात वेळ कमी पडला."

सलीमभाई म्हणाले, "पुढची भरती निघेल ना बेटा, तेव्हा जा. काका स्वतः आले आहेत."

ती त्यांना म्हणाली, "अब्बू, मी बघते." मग मला म्हणाली, "येईन की नाही, ते मी ठरवून सांगते. चालेल ना?"

माझ्या तोंडावर आलं होतं की कधीपर्यंत. अभ्यासिकेच्या प्रतीक्षा यादीत नऊ मुलं आहेत आणि टेबल रिकामं ठेवणं मला आयुष्यात जमलेलं नाही. मी म्हणालो, "चालेल."

सलीमभाईंनी चहा दिला. चहा पिऊन मी अभ्यासिकेत आलो. नाना तिथेच होते. कोपऱ्यातल्या टेबलाकडे बोट करून म्हणाले, "काय म्हणाली? येते का? नसेल तर त्या पाटलाच्या पोराला देऊन टाकू. किती दिवस असं भिंतीकडे तोंड करून ठेवायचं?"

मी म्हणालो, "ती सांगेपर्यंत."

"म्हणजे किती?"

"माहीत नाही," मी म्हणालो. "तिला विचारलं आहे. तिने अजून सांगितलेलं नाही."